नऊशे बाराचं खोकं

माझ्या मामाला अख्खी गल्ली मामा म्हणते, त्यामुळे माझ्या सख्खेपणाला तिथे काडीची किंमत नाही. पाठीमागे मात्र त्याला पुठ्ठेमामा म्हणतात, आणि हे नाव त्याने स्वकष्टाने मिळवलेलं आहे.

संगणक जोडून देण्याचं त्याचं दुकान दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद. त्यातली दीड पावलं माणसांसाठी, बाकीची पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांसाठी. एखादा सुटा भाग गिऱ्हाइकाच्या संगणकात बसवला की त्याचं खोकं मामा ठेवून घेतो. फडक्याने पुसतो, कोपरा चेपला असेल तर आतून बोट घालून सरळ करतो आणि फळीवर रांगेत उभं करतो, छापील बाजू पुढे. एखाद्याने खोकं मागितलंच तर देतो, पण असं तोंड करून की पुढच्या वेळी तो माणूस मागत नाही.

"खोकं म्हणजे वस्तूचा जन्मदाखला," तो म्हणतो. "वस्तू जाते, दाखला राहतो."

दुकानावर पाटी आहे: खोक्यावर लिहिलंय तेच आत आहे. एके काळी बाजारात जुने भाग घासूनपुसून नवे म्हणून विकायची साथ आली होती, तेव्हा मामाने ही पाटी रंगवून घेतली. तेव्हापासून गिऱ्हाइकासमोर सील तोडायचं, खोक्यावरची ओळ न् ओळ मोठ्याने वाचायची, मग वस्तू बाहेर काढायची, हा त्याचा शिरस्ता. घाईत असलेली माणसं दुसऱ्या दुकानात जातात. मामाला त्याचं दुःख नाही. घाईत असलेल्या माणसाने संगणक घेऊच नये असं त्याचं मत आहे.

कंपनीतून जोडून आलेले तयार संगणक त्याला मंजूर नाहीत. त्यांना तो 'बंद पेटी' म्हणतो. "आत कोण कोण आहे, कुणाला विचारायचं? एकाचंही खोकं नाही!" शेजारधर्म म्हणून कुणाची पेटी साफ करून देईल, फार तर.

शेजारी दातांचे डॉक्टर. मधली भिंत एकच. पलीकडे ड्रिल सुरू झालं की मामा बोलता बोलता आवाज चढवतो, आणि ड्रिल थांबलं तरी उतरवत नाही. सोळा वर्षांत दोघांचा चार वाजताचा चहा चुकला नव्हता. आणि सोळा वर्षं डॉक्टरांच्या दवाखान्याची किल्ली, हिरव्या लोकरीत ओवलेली, मामाच्या दुकानातल्या खिळ्याला. सकाळी झाडणाऱ्या मावशी ती घेऊन जातात, नऊ वाजता परत लावतात. या किल्लीबद्दल मामा कधी चकार शब्द काढत नाही. फक्त गिऱ्हाईक नवीन असेल तर खुर्ची बरोबर तिच्याखाली ठेवतो.

मी त्याच्याकडे राहतो आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. हे सांगायचं कारण पुढे येईल.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मोठ्या शोरूममधून बंद पेटी आणली. मामाला न विचारता. तो आठवडाभर चहा बिनसाखरेचा प्यायला, म्हणजे निषेध. मग विरघळला. यंदा त्या पेटीचा पंखा घरघरायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी ती साफ करायला मामाकडेच दिली. दोन दिवस दुकानात होती. मामाने ब्रशने धूळ काढली, पंख्याला तेलाचा थेंब दिला, परत नेऊन ठेवली.

आणि दोन महिन्यांनी डॉक्टरांनी जबड्याची चित्रं सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवणारं नवं सॉफ्टवेअर घेतलं.

इथे थोडं शास्त्र. संगणकाच्या पोटात एक हिरवी किंवा काळी पट्टी असते, पडद्यावरची चित्रं रंगवणं हे तिचं काम. तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. तिची स्वतःची मेमरी असते; ती जितकी जास्त तितकं मोठं चित्र तिला एका वेळी पेलतं. डॉक्टरांच्या पेटीतलं कार्ड होतं नऊशे बारा. सॉफ्टवेअरवाल्यांच्या यादीत स्पष्ट होतं: नऊशे बारा चालेल. पण बसवायला आलेल्या इंजिनिअर बाईंनी बटण दाबलं आणि पडद्यावर उत्तर आलं: मेमरी चार जीबी लागते, तुमच्याकडे तीन आहे.

"हे नऊशे बारा नाही," बाई म्हणाल्या.

"पडद्यावर नाव तर तेच दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"मग कुणीतरी हलक्यातलं घातलंय. नऊशे बाराला चारच असते. मी रोज बघते."

एवढं बोलून त्या पाय मोकळे करायला दारात आल्या आणि समोर मामाच्या दुकानाची काच. काचेत अगदी मधोमध, सीलबंद, नवंकोरं नऊशे बाराचं खोकं. त्यावर बोटभर जाड अक्षरांत छापलेलं: चार जीबी. दोन पंखे.

पाचव्या मिनिटाला दोघं दुकानात. डॉक्टरांचा मास्क हनुवटीला लटकत होता. मी सुट्टी म्हणून तिथेच पेपर वाचत बसलो होतो.

"मामा, रागावू नका," डॉक्टर म्हणाले. अशी सुरुवात झाली की माणसाने आधीच रागावून घ्यावं, वेळ वाचतो. "मघाशी आम्ही पेटी उघडून पाहिली. कार्डाला पंखा एकच. मेमरी तीन. साफ करताना... चुकून... काही इकडचं तिकडे?"

मला वाटलं, मामा आता छप्पर डोक्यावर घेणार. तो उठला. काचेतलं खोकं उचललं, चष्मा कपाळावर सरकवला, सगळ्या बाजू वाचल्या. मग खाली ठेवलं.

"चार लिहिलंय," तो म्हणाला.

"तेच तर म्हणतेय मी," इंजिनिअर बाई म्हणाल्या.

"म्हणजे तुमच्यातही चारच असणार." त्याचा आवाज एकदम खाली आला, पलीकडे ड्रिल बंद होतं म्हणून ऐकू तरी आला. "माझ्याच हातून काहीतरी झालं असेल, डॉक्टर. शोधतो."

आरोपीनेच उठून सरकारी वकिलाला खुर्ची द्यावी, तसा प्रकार. डॉक्टर बिचारे भांडायच्या तयारीने आले होते, त्यांचीच पंचाईत झाली.

"शोधा सावकाश, घाई नाही," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि हां, ती किल्ली... मावशींना आता लवकर यायचंय म्हणे. तर त्यांच्याकडेच ठेवतो म्हणतो."

मावशी जन्मात लवकर आलेल्या नाहीत, हे दुकानातल्या चौघांपैकी तिघांना माहीत होतं. मामाने स्वतः उठून किल्ली काढली, लोकरीची गाठ नीट केली आणि दिली. खिळा तेवढा राहिला.

गल्लीला बातमी कळायला रेडिओ लागत नाही. संध्याकाळी समोरचा शिंपी दुकानात डोकावला.

"मामा, मागे माझ्या मशीनला तेल तुम्हीच घातलं होतं ना?"

"हो. का?"

"काही नाही. मशीन माझंच आहे ना, बघून घेतो एकदा."

एरवी याला मामाने सव्याज परत केलं असतं. या वेळी तो म्हणाला, "बघून घे बाबा." शिंप्याचं तोंड एवढंसं झालं. चेष्टा करायला गेलेल्या माणसाला खरं उत्तर मिळण्यासारखी शिक्षा नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मी त्याला समजवायला बसलो.

"मामा, पेटी इथे होती तेव्हा दुकानात नऊशे बारा किती होती?"

"एक. काचेतलं."

"ते अजून सीलबंद आहे."

"आहे."

"मग डॉक्टरांचं चारवालं काढून तू आत काय घातलंस? तीनवालं आणलंस कुठून?"

मामाने बोटांवर काहीतरी मोजून पाहिलं. "तेच आठवत नाही," तो म्हणाला.

"अरे, आठवेल कसं? घडलंच नाही तर?"

"भाचेबुवा, तुमचा तर्क लबाड असतो. खोकं लबाड नसतं."

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान बंद ठेवून फळ्यांवरची सगळी खोकी उघडली. एकशे अडतीस. न जाणो, डॉक्टरांचं कार्ड एखाद्यात जाऊन बसलं असेल. एकेक खोकं काढायचं, झाकण उघडायचं, आत हात घालायचा, झाकण लावायचं. मी मोजायला होतो. दुपारपर्यंत निकाल लागला: एकशे अडतीसच्या एकशे अडतीस रिकामी. म्हणजे खोक्यावर लिहिलेलं एकाही खोक्यात नव्हतं. हे मी मोठ्याने म्हणालो नाही. भाचा असलो तरी जिवाची पर्वा आहे.

तिसऱ्या दिवशी त्याने निर्णय घेतला. काचेतलं सीलबंद खोकं उचललं, बगलेत मारलं आणि डॉक्टरांकडे गेला. मला स्क्रूड्रायव्हर घेऊन मागून यायला सांगितलं.

"तुमचं हरवलं, हे माझं घ्या," तो म्हणाला. तिथेही त्याने सील तोडण्याआधी सगळ्या ओळी मोठ्याने वाचल्या. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

पेटी उघडली. जुनं कार्ड काढलं. एका पंख्याचं, काळं, वीतभर. नवं लावायला घेतलं, तर ते दोन बोटं लांब. पुढच्या पत्र्यावर आपटलं. मामाने तिरकं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की नव्या कार्डाला विजेची वेगळी वायर लागते, आणि या पेटीत तशी वायरच नाही. सोय नाही, जागा नाही.

मी मनात म्हटलं, सुटलो! ज्या पेटीत हे कार्ड मावतच नाही, तिच्यातून ते काढणार कोण? आता मामाच्या डोक्यात लख्ख उजेड पडणार.

मामाने उकिडवं बसून पेटी आतून वितीने मोजली. मग हळूच माझ्याकडे वळला. चेहरा पांढराफटक.

"म्हणजे मी डॉक्टरांची पेटीही बदलली की काय रे?"

त्या संध्याकाळी घरात ताट वाढलं होतं आणि मामा ताटाकडे न बघता भिंतीशी बोलत होता.

"नाव एक. नंबर एक. मग आत दोन प्रकार असतील कसे? शक्य आहे का?"

"न शक्य व्हायला काय झालं?" मामी पोळी वाढता वाढता म्हणाली. "तुमचंच घ्या की."

"माझं काय?"

"दुकानातले तुम्ही आणि घरातले तुम्ही. नाव तेच, नंबर तोच. दुकानात कुणी एकच प्रश्न चार वेळा विचारला तरी चार वेळा सांगता. घरात मी एकदा विचारलं की वसकन अंगावर. मला लग्नाआधी दाखवला तो दुकानातला माल होता."

"तुझं आपलं भलतंच."

"भलतं कसलं? मी काही तक्रार घेऊन गेले का कुणाकडे, की आतला माणूस बदलला म्हणून? आहे तो असाच आला होता, हे वर्षभरात कळलं मला."

मामा पोळीकडे वळला. माझा मात्र घास हातात राहिला. आहे तो असाच आला होता! तयार पेटीबरोबर कंपनी एक पुस्तिका देते. ती कुणी वाचत नाही. ती ज्या टाइपात छापतात तो टाइप वाचू नये म्हणूनच शोधलेला आहे. आणि तसला टाइप वाचण्यासाठी जगात ज्या थोड्या लोकांना पगार मिळतो, त्यातला मी एक.

अडचण एवढीच की पुस्तिका डॉक्टरांकडे, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंचं बोलणं बंद, चार वाजताचा चहाही. भांडण झालं असतं तर समेट करता आला असता. इथे सगळे एकमेकांशी इतके सभ्यपणे वागत होते की आत शिरायला फट नव्हती. शेवटी मी दाढ दुखते म्हणून नंबर लावला.

"मोठं उघडा. आणखी," डॉक्टर म्हणाले. आरसा आत घातला. "मामा कसे आहेत?"

"आँ."

"हो ना. मलाही वाईट वाटतं."

"आँ आँ."

"नाही हो, मी चोर नाही म्हणालो. म्हणालो का? चुकून, असाच शब्द वापरला मी."

"आँ!"

"किल्लीचं म्हणताय? ते... माणूस मनातून हललेला असला की बोलून जातो. सोळा वर्षं, तुम्हाला सांगतो... अरे, ही दाढ खरंच किडलीय की!"

दाढ दुखत नव्हती, पण किडली होती. खोटं बोलायला गेलो आणि तेही खरं निघालं. डॉक्टरांनी ड्रिल सुरू केलं. भिंतीपलीकडे मामाचा आवाज चढला नाही. दोघांनाही ते ऐकू आलं. डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं, क्षणभर भिंतीकडे पाहिलं, पुन्हा सुरू केलं.

चूळ भरल्यावर अर्ध्या बधिर तोंडाने मी पुस्तिका मागितली. या माणसाच्या कपाटात संगणकाचीही फाइल पेशंटसारखी होती: नाव, वय, तक्रार, उपचार. पुस्तिका तिच्यात, न उलगडलेली.

एकसष्टाव्या पानावर, तळाला, चांदणीची खूण करून मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ होती. कंपनीच्या संगणकात मुळापासून बसवून आलेल्या कार्डाचे तपशील, म्हणजे मेमरी, वेग, पंखे आणि लांबी, बाजारात सुट्या मिळणाऱ्या त्याच नावाच्या कार्डापेक्षा वेगळे असू शकतात. पहिल्याला धंद्यात ओईएम म्हणतात, दुसऱ्याला रिटेल. आणि पाठीमागच्या पानावर याच पेटीत काय काय बसवलं आहे त्याची यादी: नऊशे बारा, तीन जीबी, एक पंखा. पुढे चौदा आकडी अनुक्रमांक.

"तो आकडा कार्डावर असेल," मी म्हणालो.

कार्डावरची चिठ्ठी नेमकी खालच्या बाजूला. डॉक्टर गुडघ्यावर बसले, पेटी उघडली आणि दात बघायचा आरसा आत सरकवला. उलटे आकडे सुलटे करून एकेक सांगू लागले, मी पुस्तिकेवर बोट ठेवून टिपत गेलो. चौदाच्या चौदा जुळले.

डॉक्टर तसेच फरशीवर बसले.

"म्हणजे हे पहिल्या दिवसापासून तीनच होतं."

"हो."

"आणि मामांनी काहीच बदललं नाही."

"धूळ तेवढी."

"मग ते 'नाही' का म्हणाले नाहीत? ठणकावून सांगायचं होतं!"

"कसे म्हणतील? त्यांच्या खोक्यावर चार लिहिलं होतं."

मी धावत दुकानात आलो. मला वाटलं, मामाला आनंद होईल. त्याने एकसष्टावं पान तीन वेळा वाचलं, भिंग घेऊन. चेहरा उजळायच्या ऐवजी आणखी उतरला.

"नाव एकच ठेवायचं आणि आत वेगळं घालायचं?"

"मामा, तू निर्दोष सुटलास."

"ते राहू दे. मग नाव ठेवायचं कशाला? नुसता आकडा तर आहे. नऊशे तेरा म्हणायला काय यांच्या तोंडाला फोड आला होता?"

त्याला चोर ठरणं परवडलं असतं असं मला वाटलं. निदान खोकं खरं राहिलं असतं. तासभर तो फळ्यांसमोर उभा होता. मग रंगाची जुनी डबी शोधून काढली आणि स्टुलावर चढून पाटीवर, आधीच्या ओळीखाली, बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली: खोकं असेल तर. अक्षरं किती बारीक ठेवायची हे त्याने पुस्तिकेवरून घेतलं असावं.

इंजिनिअर बाईंनी आपल्या यादीत दुरुस्ती केली. डॉक्टरांना आता दुसरा संगणक घ्यावाच लागणार होता. तो मामाच जोडून देणार, ते मोठं कार्ड त्यातच बसणार, हे न बोलता ठरलं.

चार वाजता डॉक्टर स्वतः आले. हातात चहा नव्हता. दातांवर बसवायच्या टोप्या ज्या बोटभर लांबीच्या डबीत येतात, तसली एक डबी होती. वर पट्टी चिकटवून त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: किल्ली, १.

"मामा, मावशींना काही लवकर यायला जमत नाही," ते म्हणाले.

"मला वाटलंच होतं," मामा म्हणाला.

त्याने डबी घेतली. वरची पट्टी वाचली. डॉक्टर वाट बघत उभे राहिले. त्यांना वाटलं, आता हा खिळ्याकडे जाईल. मामाने तिथेच सगळ्यांसमोर झाकण उघडलं, किल्ली बाहेर काढली, हिरवी लोकर बाजूला करून तिचे दात निरखले. मग किल्ली घेऊन दुकानाबाहेर पडला, शेजारच्या दाराला ती लावून एकदा फिरवली, पुन्हा उलटी फिरवली, आणि परत आला.

"बरोबर आहे," म्हणाला आणि किल्ली खिळ्याला अडकवली.

डॉक्टर हसले नाहीत. "चहा सांगू का?" एवढंच म्हणाले.

"सांगा. साखर घालून."

चहा येईपर्यंत मामाने ती रिकामी डबी फडक्याने पुसली आणि फळीवर एकशे अडतीस खोक्यांच्या शेजारी उभी केली, पट्टी पुढे. अजून तिथेच आहे. तिच्यावर स्वच्छ लिहिलंय, किल्ली, १. आत काय आहे ते नवीन गिऱ्हाइकाने विचारलं तर मामा त्याला खिळ्याखालची खुर्ची देतो.